कल्पनेची चतुःसीमा

सांगलीच्या पट्ट्यात हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की ती पॉलिशच्या ड्रममध्ये जाते. ड्रम गरागरा फिरतो, हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची खरबरीत साल निघते आणि शेडभर पिवळी धूळ बसते. समजा, अशा शेडवर वेल्डिंगची कामं करणाऱ्या एका तरुणाच्या लक्षात आलं, की ड्रममध्ये हळकुंडं फार तुटतात आणि तुकड्याला भाव मिळत नाही. दोन हंगाम डोकं लढवून त्यानं ड्रमच्या आत रबराच्या पट्ट्यांची अशी रचना बसवली, की हळकुंडं आपटत नाहीत, नुसती घरंगळतात. तुकडा कमी झाला. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला येऊ लागले. मग त्यानं मोबाइलवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. झाकण उघडून, टॉर्च मारून आतली रचना नीट दाखवली आणि यूट्यूबवर टाकला. पंधरा दिवसांत एका कारखानदाराचा फोन आला, ‘‘या एकदा. बसून बोलू.’’

हा तरुण मी कल्पिलेला आहे, पण त्याचं वागणं कल्पित नाही. नवं काही जमलं की माणसाला ते दाखवावंसं वाटतं, आणि बघून कुणी बोलावलं की लगेच हो म्हणावंसं वाटतं. दोन्ही ऊर्मी मोकळ्या मनाच्या माणसाच्या आहेत. कायद्याच्या हिशेबात मात्र पहिलीपायी पेटंट जातं आणि दुसरीपायी यंत्र.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार गोष्ट नवी हवी, त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नको आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी. यातल्या ‘नवी’ या शब्दापाशी बहुतेकांचा घात होतो. अर्ज दाखल होण्याच्या दिवसाआधी ती गोष्ट जगात कुठंही प्रसिद्ध झालेली नको. प्रसिद्ध करणारा खुद्द संशोधक असला तरी हा नियम सुटत नाही. अमेरिकेत स्वतःच उघड केलेल्या शोधासाठी एक वर्षाची सवलत आहे. आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. कुणी तुमच्याकडून माहिती घेऊन तुमच्या संमतीशिवाय छापली, तर कायदा सांभाळून घेतो. केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं, तर बारा महिने मिळतात. पण तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाला अशी अधिसूचना नसते, असंच धरून चालावं. यंत्राची चाचणी चारचौघांत घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्या चाचणीपुरतीही वर्षभराची मुभा आहे. यूट्यूबवरचा व्हिडिओ यांपैकी कशातच बसत नाही.

आधी छापलेल्या मजकुराची ताकद किती असते, हे हळदीच्याच एका प्रकरणात दिसलं. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं. आपली आजी हे करायची, एवढं सांगून तिथं भागणार नव्हतं. संस्थेनं जुने ग्रंथ काढले, १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख काढला आणि छापील पुरावा समोर ठेवला. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. तेव्हा या निकालाचा आपल्याला आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण तीच तलवार आपल्या तरुणाच्या मानेवरही आहे. त्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ हा त्याच्याविरुद्धचा छापील लेख आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी अर्ज, मग दाखवणं. हा अर्ज लोकांना वाटतो तेवढा महाग नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माणसासाठी पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे, पण तिथं जाण्याची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो. एकट्या व्यक्तीसाठी अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे आणि परीक्षणाच्या विनंतीचं ४,०००. पेटंट एजंटची फी निराळी. यंत्र अजून पुरतं बसलेलं नसेल तर तात्पुरतं विवरणपत्र देऊन तारीख पदरात पाडून घेता येते. मग पूर्ण विवरणपत्रासाठी बारा महिने मिळतात. मात्र तात्पुरत्या कागदात जे लिहिलेलं असतं, त्यालाच ती तारीख लागू होते. चार ओळी खरडून ‘पुढचं नंतर बघू’ म्हटलं, तर नंतर सुचलेल्या भागाला नंतरचीच तारीख मिळते. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांच्या आत केली नाही, तर अर्ज मागे घेतल्यासारखाच होतो. पेटंट मिळालंच तर ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाची फी भरावी लागते.

खरा जीव असतो दाव्यांमध्ये. विवरणपत्राच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेली ही वाक्यं असतात आणि हक्क तेवढ्यापुरताच मिळतो. जमिनीच्या खरेदीखतात पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा लिहितात, तसंच हे. विवरणात पानंच्या पानं यंत्राचं वर्णन असेल, पण दाव्यात ‘रबराच्या पट्ट्या’ एवढंच लिहिलेलं असेल, तर शेजारचा नायलॉनच्या पट्ट्या लावून कुंपणाबाहेरून निघून जाईल. उलट ‘हळद पॉलिश करणारा ड्रम’ असा ऐसपैस दावा केला, तर परीक्षक विचारेल की असे ड्रम कधीपासून फिरताहेत. पट्टी कशाची, यापेक्षा ती कोणत्या कोनात आणि कशामुळे हळकुंडाला आपटू देत नाही, हे शब्दांत पकडणं ही कला आहे. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवावेत, दावे मात्र जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावेत. असं मी ज्याला-त्याला सांगतो.

कारागिराच्या बुद्धीला आणखी एक चाळणी लागते. भांडी पॉलिश करताना ती लेथवर घट्ट धरून ठेवण्याच्या एका पद्धतीचं १९५१ मध्ये पेटंट घेतलं गेलं होतं. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये निकाल लागला. वर्कशॉपमध्ये रोज काम करणाऱ्याला सहज सुचेल अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं म्हणून न्यायालयानं ते पेटंट टिकू दिलं नाही. म्हणजे पेटंट कार्यालयाचा शिक्का ही शेवटची हमी नाही. कायद्यातच तसं म्हटलं आहे. आणि १९५१ ते १९७८ हा काळही विसरू नये.

आता कारखानदाराच्या फोनकडे वळू. अर्ज झालेला असो वा नसो, यंत्रात असं बरंच काही असतं जे कागदावर नसतं. कोणत्या वेगाला ड्रम फिरवला की तुकडा कमी पडतो, कोणतं रबर टिकतं, कोणत्या ओलाव्याची हळद आत घालायची. हे सगळं चहा पिता पिता बोलून जातं. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगानं २०२४ मध्ये मसुदा सुचवला आहे, पण आज तरी आधार करार कायद्याचा आणि विश्वासानं दिलेल्या माहितीबद्दल न्यायालयांनी घालून दिलेल्या तत्त्वांचा आहे.

ही तत्त्वं ज्या खटल्यातून जगभर पसरली, तो एका मोपेडचा आहे. इंग्लंडमध्ये कोको नावाच्या गृहस्थानं एका छोट्या मोपेडच्या इंजिनाची रचना केली होती. १९६७ मध्ये त्याची एका कंपनीशी बोलणी झाली. नकाशे दाखवले, सुटे भाग दाखवले, सूचना दिल्या. मग बोलणी फिसकटली आणि कंपनीनं स्वतःचं इंजिन बाजारात आणण्याची तयारी केली. कोको मनाई हुकूम मागायला गेला. न्यायमूर्ती मेगॅरी यांनी तीन गोष्टी तपासल्या. माहिती खरोखर गोपनीय होती का, ती विश्वास ठेवून दिली होती हे ऐकणाऱ्याला कळायला हवं होतं का, आणि परवानगीशिवाय ती वापरली गेली का. धंद्याच्या बोलणीत विश्वासानं सांगितलेलं ऐकणाऱ्याला बांधतं, हे त्यांनी मान्य केलं. पण नेमकी कोणती माहिती गोपनीय होती आणि नेमकं काय उचललं गेलं, हे कोकोला पुरेसं दाखवता आलं नाही. मनाई हुकूम मिळाला नाही. वाद मिटेपर्यंत दर इंजिनामागे पाच शिलिंग एका संयुक्त खात्यात बाजूला ठेवण्याची हमी कंपनीनं दिली, तेवढंच हाती आलं.

या निकालाचे तीन निकष वकील मंडळी पाठ म्हणतात. मला मात्र त्यातला हरलेला भाग जास्त मोलाचा वाटतो. माणूस खरं बोलत असेलही, पण ‘मी तुला हे सांगितलं होतं’ याचा कागद नव्हता. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयात १९८७ मध्ये बरोबर उलट चित्र दिसलं. बारमाही हिरवा चारा उगवणाऱ्या यंत्राच्या एका अमेरिकी संशोधकानं पॅनेल बनवून घेण्यासाठी एका भारतीय कंपनीला तांत्रिक माहिती आणि नकाशे दिले होते. ऑर्डर काही गेली नाही आणि त्या कंपनीनं तसंच यंत्र बनवायला घेतलं. पण नकाशे दिल्याचे आणि माहिती गुप्त ठेवण्याचं कबूल केल्याचे कागद होते. न्यायालयानं मनाई केली.

म्हणून बोलणीला जाताना गोपनीयतेचा करार, म्हणजे लोक ज्याला एनडीए म्हणतात तो, सोबत असावा. दोन पानं पुरतात. पण त्यात ‘सर्व माहिती गोपनीय’ असं मोघम लिहिण्यापेक्षा यादी जोडावी. नकाशा क्रमांक १ ते ४, वेगाचा तक्ता, रबराचा नमुना, दिल्याची तारीख, घेणाऱ्याची सही. मोठी कंपनी सही करायला नाही म्हणू शकते, तसा पुष्कळांचा अनुभव आहे. अशा वेळी अर्जात जेवढं लिहिलं आहे तेवढंच बोलावं आणि घरी येताच एक ईमेल पाठवावा, की आज आपण अमुक विषयावर बोललो आणि मी हे हे दाखवलं. ईमेलचं उत्तर आलं नाही तरी चालेल. तो मेल वर्षानुवर्षं तुमच्या बाजूनं बोलत राहील.

चोरी हा संशोधकाचा एकमेव शत्रू नाही. मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांना ‘भारतीय एडिसन’ म्हणत. ‘विविधकलाप्रकाश’ हे मराठी मासिक त्यांनी चालवलं, स्वयंचलित वजनयंत्राच्या आराखड्यासाठी लंडनच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळवलं आणि दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर ते लंडनला गेले. छपाईचे खिळे ओतणारं त्यांचं यंत्र प्रचलित यंत्रांपेक्षा कितीतरी वेगवान होतं. नाणावलेल्या ओतशाळेनं शंका घेतली, तेव्हा त्यांनी ते चालवून दाखवलं. शोध खरा होता, पेटंटं होती. अडलं ते भांडवलावर. समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी पैसा उभा करण्याचं अंगावर घेतलं, तो उभा राहिला नाही आणि काम बंद पडलं. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीतून सर रतन टाटांचं साहाय्य मिळालं, टाटा-भिसे सिंडिकेट निघाली, तीही टिकली नाही. भिसे अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांची कल्पना कुणी पळवली नव्हती. हे वाचताना माझं मन अजूनही खट्टू होतं. कारण पेटंटाचा सारा काळ धावत असताना यंत्र पैशासाठी ताटकळत उभं होतं.

आजच्या करारात याला उपाय घालता येतो, आणि तो घातलाच पाहिजे. त्यासाठी आधी एक फरक पक्का हवा. पेटंटाचं हस्तांतरण म्हणजे घर विकणं. परवाना म्हणजे घर लीव्ह अँड लायसन्सवर देणं. पुण्या-मुंबईत ज्यानं अकरा महिन्यांचा करार केला आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही, पण यंत्राच्या कागदावर ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेलं असलं तरी माणसं रॉयल्टीचा आकडा पाहून सही करतात. एकाच कारखानदाराला एकाधिकार परवाना दिला आणि त्यानं वर्षाला एकही ड्रम बनवला नाही, तर शून्याची टक्केवारी शून्यच होते. काही जण जुन्या मालाला स्पर्धा नको म्हणून नवा परवाना घेऊन कपाटात ठेवतात. म्हणून दरवर्षी किमान अमुक रॉयल्टी, अमुक तारखेपर्यंत उत्पादन सुरू, अमुक तारखेपर्यंत भांडवल जमा, आणि हे न झाल्यास हक्क आपोआप परत, अशी कलमं हवीत. रॉयल्टी कशावर, हेही हवं. ‘नफ्यावर’ लिहिलं तर नफा दाखवणं समोरच्याच्या हातात राहतं. बिलातल्या विक्रीकिमतीवर लिहावी आणि जीएसटीची बिलं तपासण्याचा हक्क मागून घ्यावा. पेटंटाचं हस्तांतरण आणि परवाना लेखी असेल तरच कायद्याला मान्य आहे. शब्द दिला-घेतला, हे इथं चालत नाही.

पुढं केलेल्या सुधारणा कुणाच्या, यावर फार भांडणं होतात. तुम्ही करत राहाल त्या सगळ्या सुधारणा आमच्याच, असं एकतर्फी कलम कंपन्या टाकतात. पेटंट कायद्याच्या १४० व्या कलमानं अशा काही अटी मुळातच निरर्थक ठरवल्या आहेत, तेव्हा ‘छापील फॉर्मॅट आहे, बदलता येत नाही’ या उत्तरानं दबून जाऊ नये.

घरच्या माणसांशीही कागद करावा. मित्राचं नाव प्रेमानं सहअर्जदार म्हणून घातलं, तर वेगळा करार नसताना तो तुम्हाला एक पैसा न देता स्वतः यंत्र बनवून विकू शकतो. आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाला परवाना द्यायचा असेल तर त्याची संमती लागते. नकाशे काढून देणाऱ्या कॅड डिझायनरला पैसे दिले म्हणून नकाशांचा कॉपीराइट तुमचा होत नाही, तो लिहून घ्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ते हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं. तुम्ही नोकरीत असाल तर नेमणुकीच्या कागदात शोधांबद्दल काय लिहिलं आहे, हे आजच काढून वाचा. आपल्या पेटंट कायद्यात नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो असं कलम नाही, सगळं त्या कागदावर ठरतं.

नोकरीच्या करारावरचा गाजलेला निकाल आपल्या कल्याणच्या कारखान्यातला आहे. टायर कॉर्डच्या विभागात एक शिफ्ट सुपरवायझर १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर लागला. परदेशी कंपन्यांकडून घेतलेलं तंत्र गुप्त ठेवायचं आणि मुदतीत दुसरीकडे तेच काम करायचं नाही, असं ठरलेलं होतं. दुसऱ्याच वर्षी तो कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत जास्त पगारावर गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुदतीपुरतं ते बंधन उचलून धरलं. मात्र नोकरी संपल्यावर ‘या धंद्यात कुठंच काम करायचं नाही’ अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढं सहसा टिकत नाही. गुप्त माहिती न्यायची नाही, हे बंधन निराळं आणि ते राहतं.

भांडण पेटलंच, तर पहिला मोह असतो जळजळीत नोटीस धाडण्याचा. पेटंट मंजूर होण्याआधी दावा लावता येत नाही. तरी नुकसानभरपाईचा हक्क अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून मोजता येतो. बिनबुडाची धमकी दिली तर समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो. अर्ज प्रलंबित असताना मालावर ‘पेटंटेड’ छापणं हाही दंडाचा विषय आहे. करारात ‘भंग केल्यास एक कोटी’ लिहिलं म्हणून कोटी मिळत नाहीत, न्यायालय तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. करारभंगाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि ‘मिटवू, मिटवू’ म्हणत तीन वर्षं बघता बघता जातात. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर व्यापारी वादात आधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. पुरेसा स्टॅम्प नसलेला करार शुल्क आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुराव्यात येतं, पण त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला तर सोपं जातं. नवा फोन घेताना जुना एक्सचेंजमध्ये देऊन टाकण्याआधी हे आठवावं.

आणि तो हळदीच्या ड्रमवाला? त्याच्या रचनेचं जे व्हिडिओत दिसलं, ते गेलं. पण व्हिडिओ चाळीसच सेकंदांचा होता. त्यात झाकणाच्या आतला भाग दिसतो. पट्ट्यांमागची स्प्रिंग दिसत नाही, तिचा ताण बाहेरून कमी-जास्त करण्याची युक्तीही दिसत नाही. ती अजून त्याचीच आहे. कारखानदाराला त्यानं आठवड्यानंतरची तारीख द्यावी. या आठवड्यात व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून बघावा, काय दिसतं आणि काय दिसत नाही याची वहीत दोन रकान्यांत यादी करावी आणि दुसऱ्या रकान्याचा तात्पुरता अर्ज दाखल करावा. मग त्याची पोच, यादी जोडलेला गोपनीयतेचा करार आणि ड्रममधून निघालेली दोन मूठ अखंड हळकुंडं पिशवीत घालून त्यानं एसटी पकडावी.